पुढच्या सीटची डावी बाजू

...उंदराचा! ऐकलंत? उंदराचा वास येतो म्हणाला माझ्या गाडीला! आणि कसं म्हणाला, तर नाकाला रुमाल लावून, दुसऱ्या हाताने काच खाली करत, आणि त्याच्याही आधी तो त्याचा ठरलेला मंत्र म्हणून, "मनावर घेऊ नका हं, भावोजी, पण..." अहो, हे 'मनावर घेऊ नका' म्हणजे काय असतं तुम्हाला सांगतो, डॉक्टर सुई टोचायच्या आधी तो गार गार कापूस फिरवतो ना दंडावर, ते! कापूस फिरला की समजायचं, आता टोचणार. आणि टोचलीच. "मनावर घेऊ नका हं, भावोजी, पण सीटला उंदराचा वास येतो." मी काय केलं? मी आपला हसलो.

आता तुम्हाला त्या हसण्यात काही वाटलं नाही, कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझी बायको इथे असती तर उठून घराला कुलूप नीट लागलंय का बघून आली असती. मी चिडलो तर काही नाही हो, ओरडेन, तांब्याभर पाणी पिईन, गप्प होईन. पण मी हसलो की आमच्या गल्लीतले लोक दारातल्या चपला उचलून आत ठेवतात. का म्हणजे? एकदा एकाच्या चपला उंबऱ्याला खिळलेल्या सापडल्या होत्या म्हणून. कुणी केलं ते अजून कळलेलं नाही. मी कशाला सांगू?

नको, नको, खुर्ची नको. मी उभाच बरा. तुम्ही बसा निवांत.

तर हा कोण? मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. घरात आम्ही त्याला तज्ज्ञ म्हणतो, म्हणजे मी म्हणतो आणि बाकीचे तोंडाला पदर लावतात. जगात अशी एक वस्तू दाखवा की जिच्याबद्दल याला माहिती नाही! तुम्ही चहा केलात, हा सांगणार आधण कधी उतरवायचं. तुम्ही शिंकलात, हा सांगणार शिंक कुठल्या नाकपुडीतून यायला हवी होती. मी आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली. शाळेने मला सातवीत नमस्कार केला आणि मी शाळेला, तेव्हापासून हातात कानस आणि किल्ली. आणि हा, ज्याला स्वतःच्या बॅगेचं कुलूप उघडायला तिघं लागतात, तो माझ्या दुकानात उभा राहून मला सांगतो, "मनावर घेऊ नका हं, भावोजी, पण किल्ली उलटी धरलीत." दुकानातलं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. मीही हसलो. त्या दिवशी त्याच्या बॅगेला जे कुलूप लागलं ना... जाऊ दे, तो वेगळा विषय.

गाडीचं सांगतो. गाडी सासऱ्यांची. जुन्या जमान्यातली, गोल डोळ्यांची, पुढे चकचकीत जाळी, आणि आत पुढची सीट अखंड, बाकासारखी, या दारापासून त्या दारापर्यंत एकच. सासरे गेले तेव्हा ही गाडी शेडमध्ये विटांवर उभी. सगळे नातेवाईक बसलेत, विषय निघाला, आणि हाच तज्ज्ञ म्हणाला, ऐका हं, याच तोंडाने म्हणाला, "मनावर घेऊ नका हं, ताई, पण तो डबा भंगारात द्या. बाबांना कळत नव्हतं, आपल्याला तरी कळायला हवं." मी म्हटलं, मला द्या. सगळे म्हणाले, न्या बाबा, शेड तरी मोकळी होईल. मी नेली. ढकलत नेली! आणि मग इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला, एक एक पार्ट शोधत कुठे कुठे फिरलो, हाताची कातडी सोलली, कंबर गेली, बायकोने बोलणं सोडलं, परत धरलं... आणि एके दिवशी गाडी सुरू झाली. गुर्रर्र! काय आवाज! सासरे जेवल्यावर ढेकर द्यायचे ना, हुबेहूब तसा!

आणि त्याच संध्याकाळी दारात कोण? तज्ज्ञ. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारून बघितली, आणि म्हणाला, "वा! आमच्या बाबांची गाडी!"

आमच्या! बाबांची! काल डबा होता, आज बाबांची गाडी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. नुसतं एवढंच नाही, दार उघडून पुढे बसला. डावीकडे. "बाबा चालवायचे तेव्हा माझी जागा हीच." आणि माझी बायको, म्हणजे स्वतःची सख्खी थोरली बहीण, ती मागे! तेव्हापासून दर रविवारी हेच. मी चालवणार, हा पुढे डावीकडे मालकासारखा कोपर खिडकीबाहेर काढून बसणार, रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की हात करणार, "आमच्या बाबांची!" आणि मी? मी ड्रायव्हर! एका बाईने तर मला सिग्नलला विचारलं, "काका, साहेबांकडे किती वर्षं आहात?" मी आपला हसलो.

बसून तरी नीट बसावं? त्या सीटच्या रेक्झिनला एक भोक होतं. एवढंसं! मुंगी आत शिरली असती तर तिला वाकावं लागलं असतं. पण या माणसाच्या हाताला चैन नाही. बोलता बोलता नख घालायचा त्यात. उकरायचा. आतलं भुसकट काढायचा, बोटात चोळायचा, खाली टाकायचा. महिन्याभरात बोट जायला लागलं, मग दोन बोटं, मग एका रविवारी बघतो तर साहेबांनी भाजलेल्या शेंगांची पुडी त्या भोकात ठेवलेली, फडताळात ठेवावी तशी! एक शेंग तोंडात, टरफल भोकात. मी म्हटलं, अरे, काय करतोस? तर म्हणे, "मनावर घेऊ नका हं, भावोजी, पण सीट मुळातच गेलेली आहे." अहो, मुळात गेलेली? तू घालवलीस! चोराच्या उलट्या बोंबा त्या या!

आणि मग तो दिवस. सगळं सासर जमलं होतं एका घरी, अंगणात माणसंच माणसं, मी गाडी उभी केली, हा उतरायला उठला, आणि त्याच भोकातून वर आलेली गंजकी स्प्रिंग त्याच्या नव्या पँटला मागून अडकली. टर्रर्र! अहाहा! मंडळी, आयुष्यात मी खूप आवाज ऐकलेत, पण तो आवाज... असो. मला वाटलं, चला, देवाने न्याय केला. पण न्याय कसला! हा दोन्ही हात मागे धरून अंगणात उभा आणि ओरडतोय, "मनावर घेऊ नका हं, भावोजी, पण तुमच्या गाडीने माझी अब्रू घेतली!"

आता बघा हं. हात करायचा तेव्हा आमच्या बाबांची. पँट फाटली की तुमची!

आणि सगळं सासर माझ्याकडे बघतंय. चुलतसासूबाई म्हणाल्या, "जावईबापूंचं लक्षच नसतं." बायको म्हणाली, "सीट नवीन केल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. माझ्या भावाची पँट!" भावाची पँट! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्या पँटसाठी एवढा गळा काढला होता का? मी आपला हसलो. पण आतून म्हटलं, थांब. पँटच्या बदल्यात पँट. नाही सासरच्या देखत तर गावाच्या देखत.

अहो, खरंच नको खुर्ची. आग्रह करू नका.

मग सीट काढली आणि कुशनवाल्याकडे नेली. हा कुशनवाला म्हणजे एक प्रकरण आहे. दुकान एवढंसं, भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे, लग्नात कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या मावश्यांसारखे, मधोमध टेबल, तेही टेबल नाही हो, कुणाच्या तरी घराचं जुनं दार, कडीसकट! शर्टाच्या कॉलरला दाभण टोचलेला, गळ्यात कात्री सुतळीने बांधलेली. आणि स्वतःला समजतो सर्जन. मी सीट टेकवली तर चष्मा कपाळावरून खाली घेतला, रेक्झिनवर दोन बोटांनी टकटक केलं, आणि मान हलवत म्हणतो, "काका, पेशंटला आत्ता आणलंत? सगळं गेल्यावर?"

"किती दिवस लागतील?"

"आधी उघडू तर द्या. उघडल्याशिवाय मी नातेवाइकांना शब्द देत नाही."

आणि उघडलं. शिवणी उसवल्या, कड्या पकडीने सोडवल्या, आणि रेक्झिन वर उचललं... मंडळी, नाकाला रुमाल लावा! आत उंदराचं घरटं! चांगलं गोल, मऊ, आतल्या भुसकटाचं, आणि भोवती शेंगांची टरफलं रचलेली, कुणी हौसेने अंगण सजवावं तशी! म्हणजे वास खरंच उंदराचा होता! म्हणजे तज्ज्ञ बरोबर होता! याच्याइतका मोठा अपमान माझा कुणी केला नव्हता. तो चूक असता तर मी माफ केलं असतं हो, मोठ्या मनाचा आहे मी. पण बरोबर? बीळ त्याने उकरायचं, शेंगा त्याने पुरवायच्या, बिऱ्हाड त्याने बसवायचं, आणि वर वास आला म्हणून नाक त्यानेच मुरडायचं, आणि ते खरं निघायचं?

अजून काय निघालं आतून? एक कंगवा, दोन बटणं, आणि सासऱ्यांची कवळी! हो! खालची. ही कवळी हरवली तेव्हा घरात काय महाभारत झालं होतं, सासूबाई म्हणाल्या होत्या, जावयाचीच चेष्टा असणार, आणि शपथ घेऊन सांगतो, ती एकच चेष्टा मी केलेली नव्हती! कुशनवाल्याने ती चिमट्याने उचलून बशीत ठेवली आणि म्हणाला, "हा पेशंट चावतो की काय, काका?"

आणि सगळ्यात आत, तळाशी, काळेभोर राठ केस. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, "घोड्याचे. त्या काळी सीटमध्ये घोड्याचेच केस भरत." बघा! म्हणजे इतके दिवस आम्ही घोड्यावर बसत होतो, घोडा मरून कैक वर्षं झाली, आणि हा मेहुणा अजून खाली उतरायला तयार नाही!

तर काम सुरू झालं. रोज जाऊन बसायचो मी तिथे. तेव्हा बसायचो. जुनं रेक्झिन उसवून, ओल्या फडक्याने पुसून, सपाट करून त्याने नव्यावर ठेवलं आणि खडूने भोवती रेघ मारली. "जुनं कातडं हाच नकाशा, काका." मी रंग निवडला दाट लाल, मुळात होता तसा. तेवढ्यात तज्ज्ञ आला. आला म्हणजे काय, जिथे माझं काही नीट चाललंय तिथे याला वास येतो, उंदरासारखा. लाल रेक्झिन बघून म्हणाला, "मनावर घेऊ नका हं, भावोजी, पण ही न्हाव्याची खुर्ची वाटेल." कुशनवाल्याने मान वर केली. मी आपला हसलो. आणि त्यावर तो म्हणतो काय, सहज, नखं बघत, "बरं, एक सांगायचं राहिलं. पुढच्या रविवारी मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. मी संयोजकांना फोन करून आपल्या गाडीचं नाव देऊन टाकलंय. मालक म्हणून माझं नाव सांगितलं. तुम्हाला उगाच ते व्यासपीठ, भाषण, जमणार नाही ना. तुम्ही चालवा. बक्षीस मिळालं तर मी घेईन पुढे होऊन."

कुशनवाल्याच्या हातातली पकड थांबली. अहो, पंखा थांबल्यासारखा वाटला! माझी कंबर गेली या गाडीत. बायकोने अबोला धरला त्या दिवसांत मी या गाडीशी बोलत होतो. ज्या माणसाने भंगार म्हटलं, तो चारचौघांत पुढे होऊन हात करणार, आणि मी ड्रायव्हर! सिग्नलवरच्या बाईला मी काही म्हटलं नाही. पण अख्ख्या मैदानाला हेच वाटावं?

मी इतका हसलो, इतका हसलो, की कुशनवाला म्हणाला, "काका, पाणी देऊ?"

मग मी घरी जाऊन पेटी उघडली. बाकी काही येत नसेल मला, पण स्प्रिंगा आणि खटके! त्यांत मात्र माझा हात कुणी धरू नये. छोटी, घट्ट स्प्रिंग घेतली, दाबून धरली, तिच्यावर खटका बसवला, आणि टोकाला एक आकडा. एवढासा, मासे धरायचा गळ असतो तेवढा. टोक घासून घासून बोथट केलं. रक्त नको होतं मला, मी काही राक्षस नाही. मला फक्त कापड हवं होतं. योजना अशी. मैदानाच्या फाटकात एक उंच गतिरोधक आहे. गाडी त्यावरून उडाली की खटका सुटणार, स्प्रिंग वर येणार, आकडा दोन पट्ट्यांमधल्या शिवणीतून हळूच डोकं काढणार आणि पँट धरून बसणार. बसलेल्याला काही कळणारही नाही. पण व्यासपीठावरून जेव्हा पुकारा होईल, 'मालक, पुढे या!', आणि साहेब मालकासारखे उठायला जातील... तेव्हा सीट म्हणेल, बस खाली! सासऱ्यांच्या वतीने म्हणेल! आणि तोवर मी दुसऱ्या दाराने उतरून, शांतपणे, कोट नीट करत, व्यासपीठाकडे चालू लागलेलो असेन.

सुंदर की नाही? मला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर सीट टेबलावर तयार. म्हणजे कशी, तर पालथी. आधी नवं रेक्झिन तोंड खाली करून पसरलेलं, त्यावर कापूस, त्यावर काथ्याचा थर, आणि त्या सगळ्यावर स्प्रिंगांचा सांगाडा पाय वर करून. कुशनवाला गुडघ्याने दाबून कडेने कड्या आवळत होता. घाम पुसत म्हणाला, "माझ्याकडे सगळं पालथं चालतं, काका. पोटावर झोपवल्याशिवाय पेशंटची पाठ शिवता येत नाही. आता फक्त तळाचं गोणपाट राहिलं. चहा पिऊन येतो."

चहा पिऊन येतो! देव चहाच्या रूपाने येतो तो असा. तो गेला आणि मी उभा राहिलो टेबलापाशी, सीटची पुढची कड समोर, मी तिच्या मागे, अगदी गाडीत बसल्यासारखा. मनात म्हटलं, हं, मी इथे चालवतोय उजवीकडे. हा माझ्या डाव्या हाताला. डावा हात कुठला? हा, ज्याने मी जेवत नाही तो. डावीकडच्या स्प्रिंगांच्या मध्ये आतून हात घातला, शिवणीचे दोन टाके सैल केले, खटका तारेने पक्का बांधला, काथ्या सारखा केला. वर हात फिरवला. काही कळत नाही! कुशनवाला आला, गोणपाट ठोकलं, सीट सरळ केली. लाल, तुकतुकीत, शिवणी सरळ, कडेने पांढरी गोट. मी रडलो हो थोडा. राग होता, पण सीट खरंच देखणी झाली होती.

रविवार. तज्ज्ञ आला तो नवी पँट घालून. पांढरी! अहो, पांढरी! मी मनात म्हटलं, देवा, एवढंही नको होतं, पण दिलंस तर घेतो. मी माझा लग्नकार्यातला कोट आणि त्याच्यावरची पँट घातली होती. बायको मागे बसली, सीटवर हात फिरवून म्हणाली, "छान झालीय हो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! हा पुढे डावीकडे बसला, नख पुढे केलं, भोक शोधत... भोक नाही! बिचारा हात कुठे ठेवावा कळेना.

फाटक आलं. गतिरोधक आला. मी मुद्दाम वेग वाढवला. धाड! बायको मागून ओरडली, "अहो, हाडं मोडतील!" आणि मला खाली बारीक काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, किल्ल्यांचा जुडगा असेल मागच्या खिशात. आयुष्यभर किल्ल्याच वागवल्या. मी आपला चोरून डावीकडे बघतोय. हा निवांत. मी म्हटलं, काम झालं, बस तू, बस बाळा, मालकासारखा बस!

मैदानावर गाड्यांची रांग, माणसांची ही गर्दी, परीक्षक एक एक गाडी बघत आले. आमच्या गाडीत डोकं घालून एक म्हणाले, "अप्रतिम सीट! कुणी केली?" मी तोंड उघडणार तोच हा म्हणाला, "मी लाल रंग सुचवला." लाल! न्हाव्याची खुर्ची म्हणालेला! मी आपला हसलो. पुकार, म्हटलं, पुकार लवकर, बाबा.

आणि पुकारा झाला. "उत्कृष्ट अंतर्भागाचं बक्षीस..." आमची गाडी! आमची! "गाडीच्या मालकांनी कृपया पुढे यावं!"

मी दार उघडलं, कोट नीट केला, आणि रुबाबात उठलो.

उठलो म्हणजे... वरचा मी उठलो. खालचा मी तिथेच.

टर्रर्र नाही, आधी नाही! आधी नुसता धरला मला, सासूने जावयाचं मनगट धरावं तसा. मी परत जोर केला, परत ओढलं, तोल गेला, धपकन खाली बसलो आणि कोपर गेलं हॉर्नवर. भों! अख्खं मैदान वळलं. आणि त्या निवेदकाने, देव त्याचं भलं करो, माईकवर म्हटलं, "वा! चालकांनी हॉर्न वाजवून मालकांना सलामी दिलीय!" टाळ्या! कडकडून टाळ्या! आणि डावीकडून हा उठला, हलका, पिसासारखा, पांढरीशुभ्र पँट, एक सुरकुती नाही... आणि गेला चालत व्यासपीठावर. कप घेतला. माईक घेतला. मला तिथून दिसतंय, ऐकू येतंय, आणि मी आकड्यावर लावलेल्या सदऱ्यासारखा जागच्या जागी. म्हणाला, "ही आमच्या बाबांची गाडी. आणि सीट किती आरामशीर आहे म्हणून सांगू! आमचे भावोजी बघा, उठायलाच तयार नाहीत!"

हशा. टाळ्या. बायको मागून पाठीत ढोसतेय, "अहो, उठा ना, लोक बघतायत!" मी उठलो. तेव्हा मात्र टर्रर्र.

सोमवारी गेलो कुशनवाल्याकडे. पँटला मागे सेफ्टीपिना, चेहरा सहज. म्हटलं, उगाच विचारतो, सीट टेबलावर असताना डावी बाजू कुठली असते रे? त्याने माझ्याकडे बघितलं, पिनांकडे बघितलं. आणि सरळ त्या टेबलाच्या दारावर चढून उताणा झोपला. "काका, माझा डावा हात धरा." धरला. मग पालथा झाला. "आता धरा डावा." माझा हात गेला तिथे त्याचा उजवा. तसाच पालथा, तोंड रेक्झिनमध्ये, म्हणाला, "माझ्याकडे सगळं पालथं चालतं, सांगितलं होतं ना?" आणि तो हसला. मंडळी, हसण्यातलं मला कळतं. ते साधं हसणं नव्हतं.

काढ म्हणावं तर काढणार कसं? सगळ्या कड्या सोडवाव्या लागतील, आकडा निघेल, आणि कुशनवाल्याचं तोंड म्हणजे चौकातला भोंगा. आणि घरी तर सीटला हातच लावायचा नाही! कप मिळालेली सीट. वर उशी घालू म्हटलं, तर बायको म्हणते, "कप मिळालेल्या सीटवर उशी? शोभतं का?" आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली मी, चोरांनी हात टेकलेली उघडली, आणि स्वतःच्या खटक्याला हात लावता येत नाही!

तर दर रविवारी अजून हेच चाललंय. कप काचेच्या कपाटात, त्याच्या घरी. तो पुढे डावीकडे, मऊ मऊ जागेवर, डोळे मिटून पेंगतो. मी एका अंगावर कलून चालवतो, या बाजूचा अर्धा मी सीटवर, अर्धा हवेत. परवा डोळा उघडून म्हणतो, "मनावर घेऊ नका हं, भावोजी, पण गाडी जरा सरळ बसून चालवा. आमच्या बाबांची गाडी आहे, लोक बघतात."

मी आपला हसलो. काय करणार?

बरं, एवढा आग्रह करताय तर आणा ती खुर्ची, जरा टेकतो. वा, गादी नवी दिसतेय! लाल... कडेने पांढरी गोट... कुणी केली हो ही? मुद्दाम माझ्यासाठी म्हणून पाठवली? कुशनवाल्यानेच? आणि देताना हसत होता?

...नको. मी उभाच बरा.